अल्पशा आजाराने नव्हे

अक्का,

तुमचं नाव आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळाच्या फलकावर लागलं तेव्हा त्याखाली लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने निधन’. मी तो कागद काढला. भर सकाळी, चार लोकांच्या देखत टाचण्या उपसल्या आणि कागदाची घडी करून पर्समध्ये कोंबली. मंडळाचे चिटणीस म्हणाले, वहिनी, सगळ्यांचं असंच लिहितात. मी म्हटलं, सगळ्यांचं लिहा, आमच्या अक्कांचं लिहू नका. मग त्यांच्याच टेबलावरून कोरा कागद ओढला आणि जाड अक्षरात लिहिलं, ‘मूत्रपिंडाच्या कर्करोगाने निधन’. तुमचे यजमान, माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, माझ्या मागेच उभे होते. पहिला मजकूर त्यांनीच दिलेला होता. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि स्वतःच्या हाताने टाचणी लावली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "ती असती तर तिनं ‘डाव्या’ असं पण लिहायला लावलं असतं."

मग आम्ही दोघंही रिक्षात रडलो. चादरघाटच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, रिक्षावाला आरशातून बघत होता, आणि आम्हाला त्याची लाज वाटली नाही.

काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले. आज मी आपल्या रंगाच्या दुकानाशेजारचा एसटीडी बूथ उघडला आहे आणि गिऱ्हाईक नसताना हे लिहिते आहे. घरात बसून लिहवलं नसतं. घरात तुमची खुर्ची आहे.

हा बूथ तुमच्यामुळे मिळाला, तेव्हा इथूनच बोललेलं बरं. दिलसुखनगरात कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्या लागत होत्या तेव्हा आपल्या घरात ठरलं की दुकानाशेजारच्या बोळकांडीत फोन घ्यायचा आणि त्यावर एखादं पोरगं बसवायचं. तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणालात, पोरगं कशाला, हिला बसवा, ही बीकॉम आहे आणि घरात माझं डोकं खाते. सासूबाईंनी, आपण दोघी ज्यांना आत्याबाई म्हणतो त्यांनी, बाईमाणूस भर रस्त्यावर कसं बसणार असं विचारलं. तुम्ही म्हणालात, काचेच्या आत बसेल. एवढ्यावर माझ्या आयुष्याचा निकाल लागला. मी तुम्हाला कधी त्याबद्दल काही बोलले नाही. जावाजावांमध्ये असलं बोलायची पद्धत नसते. आता बोलते. उपकार झाले अक्का.

या काचेच्या केबिनमधून मी बरीच वर्षं लोकांचं बोलणं ऐकते आहे. कान बंद करता येत नाहीत. लोक मुलीचं लग्न ठरल्याचं ओरडून सांगतात, जमिनीची भांडणं तर इतकी ओरडून करतात की फोनची गरजच नसावी. एका शब्दापाशी आले की मात्र आवाज खाली जातो. ‘तेच निघालं’ म्हणतात. ‘मोठा आजार’ म्हणतात. ‘तसलं काहीतरी’ म्हणतात. पलीकडच्याला ऐकू जात नाही, मग तो विचारतो काय निघालं, आणि हे पुन्हा तितक्याच हळू सांगतात. तुमच्या वेळी मी सगळ्या नातेवाइकांना इथूनच फोन केले. नांदेड, परभणी, निजामाबाद, सगळीकडे शब्द पूर्ण उच्चारला. नांदेडची माझी मावशी म्हणाली, अगं, हळू बोल. मी म्हटलं, मावशी, ट्रंक कॉल आहे का हा, मधे ऑपरेटर ऐकायला?

तुमच्यावर माझा राग आहे, तो पुढे सांगेन. आधी दुसऱ्यांवरचा सांगते.

काचीगुड्याच्या त्या भाड्याच्या घरात तुमचं रक्त जायला लागलं तेव्हा तुम्ही सत्तेचाळिशीच्या आसपास होतात. पाळी जायचं वय. तिथलं न्हाणीघर, संडास सगळं शहाबादी फरशीचं, काळपट, कायम ओलं, वर मिणमिणता दिवा. त्यात लाल काही दिसलं की त्याचा एकच अर्थ. तुम्ही बाहेर येऊन आत्याबाईंना सांगितलंत आणि आत्याबाई म्हणाल्या, बस बाजूला. मागच्या पडवीतली ती प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली लोखंडी खुर्ची, तुमचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. देवघराकडे फिरकायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. चार दिवसांनी न्हाऊन आत आलात. पंधरा दिवसांत पुन्हा बाहेर. मग महिनाभर काही नाही. मग पुन्हा. आपल्या घरात शिवाशिवीचा हिशेब सगळे ठेवत होते, रक्त कुठून येतंय ते कोणी विचारत नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या बाईला काही विचारायचंच नाही अशी रीत. तिला पाणी लांबून वाढायचं आणि तिने लांबूनच घ्यायचं.

मला आठवतं, एकदा मी तुमचं ताट खाली ठेवत होते आणि तुम्ही म्हणालात, या वेळी पोटात काही दुखत नाही गं. कपडाही कोरडाच राहतो. लघवीला गेलं की तेवढंच. तुम्ही हे सांगितलं होतं, अक्का. तुम्ही आत्याबाईंनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "जायच्या वक्ताला असंच होतंय. लई उष्णता झाली तुला." मग सब्जा आला, धन्याचं पाणी आलं, शेजारच्या तेलुगू बाईने बार्लीचं पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर रक्त थांबलं. सगळ्यांना वाटलं, उतार पडला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे रक्त असंच मधूनमधून येतं आणि आपलं आपण थांबतं, म्हणूनच माणूस फसतो. सब्जा प्यायला काय आणि नाही काय.

म्हणजे तुमच्या शरीराने वर्षभर हाका मारल्या आणि आपण त्या हाकांसाठी तुम्हाला पडवीत बसवत होतो. हे मी लिहिते आहे, कारण हे कोणी लिहिणार नाही. मंडळाच्या अंकात तुमच्या पुरणपोळीवर लिहितील.

मग आपण फ्लॅट घेतला. दुकान बरं चाललं होतं, सगळं दिलसुखनगर रंगवायला निघालं होतं, रोज नवी इमारत, रोज नव्या छटांचे डबे. दुसरा मजला, केबल टीव्ही, गॅलरीत कपडे धुवायचं मशीन, आणि तो पांढराशुभ्र कमोड. आत्याबाईंना त्या कमोडवरून आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. खुर्चीवर बसून माणसं कधी हे करतात का, असं त्या येईल त्याला विचारायच्या. त्यांच्यासाठी दुसरं भारतीय पद्धतीचं होतं, तरी विचारायच्या. पडवी आता नव्हती, म्हणून ती वायरची खुर्ची गॅलरीत मशीनशेजारी गेली. घर बदललं, भिंतींचा रंग बदलला, खुर्ची सोबत आली.

फ्लॅटमध्ये जाऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी तुम्ही मला न्हाणीघराच्या दारातून हाक मारलीत. मी गेले तर तुम्ही माझा हात धरून आत ओढलंत आणि बोट दाखवलंत. पांढऱ्या भांड्यात नुसती लाल लघवी. दुसरं काही नाही. "बघ," तुम्ही म्हणालात, "ही पाळी नाही. हे मुताचं रक्त आहे." तुमचा आवाज घाबरलेला नव्हता. चोर सापडल्यावर माणूस बोलतो तसा होता.

तुम्ही त्या दिवशी खुर्चीवर बसला नाहीत. साडी बदललीत, आत्याबाईंना सांगितलंत की दवाखान्यात जाते, आणि चपला घातल्यात. त्यांनी विचारलं, शिवलेली असताना? तुम्ही म्हणालात, "मी शिवलेली नाही. मी आजारी आहे." तुमच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील तेव्हा. स्वतःसाठी त्यांना उलटून बोललेलं तुमचं पहिलं वाक्य मी ऐकलं ते हे.

दवाखान्याच्या डॉक्टरने आधी मुतखडा म्हटलं, पण स्कॅन करून घ्या म्हणाला, एवढं त्याचं भलं. आपल्या रस्त्यावर तेव्हा नवंच स्कॅनिंग सेंटर उघडलं होतं, वर कोचिंग क्लास, खाली स्कॅन. तिथली तरुण डॉक्टरीण पोटावरून यंत्र फिरवता फिरवता थांबली. पुन्हा डावीकडे आली. मग तिने विचारलं, "नोप्पी लेदा अम्मा?" दुखत नाही का? तुम्ही म्हणालात, लेदु, नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. तुम्ही झोपल्या झोपल्या मला म्हणालात, ही गप्प झाली, म्हणजे नक्की काहीतरी आहे.

त्यापुढचा तो दिवस मी कुठेही कोणालाही सांगायला तयार आहे. त्या मोठ्या नव्या हॉस्पिटलात, जिथे लिफ्टमध्ये माणूस बसवलेला होता आणि दारं काचेची होती, पांढऱ्या दाढीचे सर्जन सीटी स्कॅनची फिल्म दिव्यावर लावून बघत होते. भाऊजींनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं की हिला बाहेर पाठवा. मलाही त्यांनी दाराकडे बघून खूण केली. सर्जन गोंधळले. तुम्ही खुर्ची आणखी पुढे ओढलीत आणि म्हणालात, "साहब, गुर्दा मेरा है ना? तो मेरेको बोलो."

सर्जननी चष्मा काढला. "गाँठ है अम्मा. कैंसर की लगरी मेरेको," ते म्हणाले. "पूरा गुर्दा निकालना पडता. दूसरा अच्छा है. एक गुर्दे पे बी लोगाँ आराम से जीते."

भाऊजी भिंतीला टेकले. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत. तुम्ही प्रश्न विचारायला लागलात आणि सर्जनना आवडायला लागलं. सुई घालून तुकडा का काढत नाही? ते म्हणाले, फिल्ममध्ये अशी भरीव गाठ दिसली की बहुतेक वेळा थेट काढूनच टाकतात, तपासणी नंतर होते. सगळे घेतात ते केस जायचं औषध? ते म्हणाले, या गाठीला ते फारसं लागू पडत नाही, विजेचा शेकही नाही. हिचा खरा इलाज सुरी, आणि वेळेवर. मग तुम्ही विचारलंत, वेळ गेली का? ते खरं बोलले. गाठ मोठी आहे, पण गुर्द्याच्या बाहेर पडलेली दिसत नाही, निकाल आत गेल्यावर कळेल. तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्या मागे उभी होते आणि मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की भीती वाटायची राहून गेली.

डाव्या कुशीत बरगडीपासून पोटापर्यंत ती आडवी शिवण. तुम्ही ती भाजीवालीलाही दाखवायचात. दुखणं ओसरेपर्यंत तुम्हाला हसता येत नव्हतं आणि तुम्ही मला हसवू नकोस म्हणून शिव्या द्यायचात. बाटलीभर पाणी कायम हाताशी. दुखलं की वाटेल ती गोळी घ्यायची नाही, उरलेल्या एका मूत्रपिंडाला जपायचं. ठरावीक महिन्यांनी छातीचा फोटो. छातीचा का, असंही तुम्ही विचारून आलात. हा रोग पळाला तर बहुधा फुप्फुसात जाऊन बसतो, असं सर्जननी सांगितलं, आणि तुम्ही तेही घरी येऊन जेवताना सगळ्यांना सांगितलंत. आत्याबाई ताटावरून उठल्या.

मग आबिड्सचा तो रविवार. दुकानं बंद, फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली, आणि तुम्ही कादंबऱ्या सोडून एका कोपऱ्यातला तक्ता उचललात. कुठल्याशा शाळेतून निघालेला, कापडावर चिकटवलेला, कडेला फाटका. त्यावर दोन मूत्रपिंडं, दोन नळ्या, खाली पिशवी. घासाघीस करून घेतलात आणि स्वयंपाकघरात जिथे कालनिर्णय होतं तिथे टांगलात. डाव्या मूत्रपिंडावर पेन्सिलने काट मारलीत. आल्या-गेल्या बाईला चहा देता देता तुम्ही त्या तक्त्यावर बोट ठेवायचात. ही गाळणी. ही नळी. ही पिशवी. गाळणीतून रक्त आलं तर दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका. एका वहिनींनी हळूच विचारलं होतं, हे पसरतं का हो, एका कपातून प्यायलं तर? तुम्ही त्यांच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकलात आणि म्हणालात, पसरत असेल तर आता मला तुमचा मधुमेह लागला.

आणि संक्रांत. अक्का, संक्रांत आठवली की मला अजून हसू येतं. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर आपलं आठवडाभर चाललं होतं. मी म्हणत होते स्टीलच्या वाट्या. तुम्ही बेगम बाजारात गेलात आणि रिक्षाभर पांढरे प्लॅस्टिकचे मग घेऊन आलात. सगळ्या काचीगुड्याच्या, चप्पल बाजारच्या, दिलसुखनगरच्या मराठी बायका, काळ्या चंद्रकळा नेसून, नव्या सुना हलव्याचे दागिने मिरवत आलेल्या. तुम्ही कुंकू लावलंत, तिळगूळ दिलात, हातात एकेक मग ठेवलात आणि प्रत्येकीला तेच सांगितलंत. हा चहाचा नाही. हा न्हाणीघरात ठेवायचा. काळ्या फरशीवर काही दिसत नाही. महिन्यातून एकदा यात धरायचं आणि उजेडात बघायचं. लाल दिसलं आणि कपडा कोरडा असला तर बाजूला बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

सगळ्या बायका हातातल्या मगाकडे बघायला लागल्या. मग एक बाई खुसखुसली. दुसरीने पदर तोंडावर घेतला. आणि आपल्या नणंद शोभाताई, आत्याबाईंची धाकटी लेक, लाल होऊन उठल्या. सवाष्णीच्या ओटीत मुताचं भांडं घालतेस का वहिनी, म्हणाल्या आणि हातातला मग तिथेच सतरंजीवर ठेवून निघून गेल्या. जाताना चार जणींनी आपापले मग दाराशी सोडले. पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणी कमी आली. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हाला वाटलं. बोलावणं नसलेल्या संध्याकाळी तुम्ही ठेवणीतली साडी काढून पुन्हा घडी घालून ठेवत होतात, मी बघितलं आहे. पण दुसऱ्या वर्षीही तुम्ही जी आली तिला तेच सांगितलंत. मला म्हणालात, "लाजून मेलेल्या लई आहेत. त्यांच्यात माझी एक गर्दी नको."

गॅलरीतली ती खुर्ची तुम्ही ताब्यातच घेतली होती. तिथे बसून भाजी निवडायची, तिथेच चहा, तिथूनच खालच्या भाजीवाल्याशी भांडण. तुम्ही तिथे बसलेल्या असलात की दुसरं कोणी बाजूला बसणार कुठे? मला माझ्या दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरात हाक मारायचात, कोथिंबीर आण म्हणून, मुद्दाम आत्याबाईंच्या समोर. त्या बघायच्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कालपर्यंत कळलं नव्हतं.

ती वर्षं तुमच्या हक्काची होती, अक्का. जे म्हणतात ‘एवढं करून काय मिळालं’, त्यांना मी ती वर्षं दाखवते. तुमच्या पोराचं लग्न तुम्ही नाचून केलंत. सिकंदराबाद स्टेशनवर त्याच्या बदलीच्या गावी जाणाऱ्या गाडीला सामान तुम्ही चढवलंत, हमालाशी वाद घालून. एका मूत्रपिंडावर. ‘त्याला काही औषध नसतं’ म्हणणाऱ्यांनी तेव्हा स्टेशनवर यायला हवं होतं.

मग खोकला आला. तुम्ही स्वतःच म्हणालात, फोटो काढू. छातीत गोल गोल ठिपके निघाले.

आता माझ्या रागाकडे येते. इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. पसरलेल्या या रोगावर तेवढंच औषध होतं, आणि तेही सगळ्यांना लागू पडत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी ती सिकंदराबादहून आणायची. फ्रीजमध्ये दह्याच्या वर त्यांची जागा. आत्याबाईंनी स्वतः ती जागा रिकामी केली होती. आठवड्यातून तीनदा कातडीखाली टोचायचं, मग थंडी वाजून ताप, अंग मोडून यायचं, तुम्ही दोन गोधड्यांखाली कुडकुडत असायचात आणि बाहेर हैदराबादचा उन्हाळा. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तर ठिपके वाढलेले. तुम्ही म्हणालात, बास.

मी म्हटलं, नाही. आपलं जे भांडण झालं ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, मुंबईला जाऊ, डोस बदलून बघू, नवीन काही निघत असेल, रोज टीव्हीवर नवीन काही निघतंय, फ्रीज निघतायत, गाड्या निघतायत, औषध का नाही निघणार. तुम्ही म्हणालात, निघेल. माझ्यानंतरच्या बायकांसाठी निघेल. मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांना डॉक्टरकडे पिटाळता आणि स्वतः माघार घेता. ते तुम्हाला लागलं. मग म्हणालात, "ज्याचा उपयोग होतो ते मी सगळं केलं. ज्याचा होत नाही ते तुझ्या समाधानासाठी करू का? मला तापाशिवाय एक थंडी दे."

मी अजून तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी ‘तुमचंच बरोबर होतं’ असं म्हणणार नाही, असलं लाडाचं खोटं तुम्हालाही चालत नसे. मला आणखी एक औषध बघायचं होतं. मला आणखी एक संक्रांत हवी होती. पण ती थंडी तुम्ही तापाशिवाय काढलीत, गॅलरीत उन्हात पाय सोडून, दम लागला की थांबत, मटार सोलत. शेवटच्या संक्रांतीला मोजक्याच बायका आल्या. तुम्हाला उठवत नव्हतं, म्हणून कुंकू मी लावत होते. तुमचा आवाज बसला होता. प्रत्येक बाई पाया पडायला वाकली की तुम्ही तिच्या कानात विचारायचात, बघतीस का गं? माझ्याही कानात विचारलंत. मी चिडून म्हटलं, हो, बघते. तुमच्याशी माझं शेवटचं धड बोलणं हेच झालं. नंतर नुसता ऑक्सिजनचा आवाज होता. त्याहून बरं काहीतरी बोलायला हवं होतं असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

आता कालचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

तेराव्याचं गोडजेवण होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. पानं मांडायची वेळ झाली आणि शोभाताई आत दिसेनात. मी बघितलं तर त्या गॅलरीत, तुमच्या खुर्चीवर, मान खाली घालून बसलेल्या. माझ्याकडे बघून त्यांनी हाताने खूण केली, लांब राहा. माझ्या डोक्यात सणक गेली. आज, या खुर्चीवर, तुमच्या तेराव्याला. मी काहीतरी फाडकन बोलणार होते. तेवढ्यात आत्याबाई मागून आल्या. भिंतीला धरत धरत त्या न्हाणीघरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढरा मग होता. त्या वर्षी सतरंजीवर आणि दाराशी टाकून दिलेल्यांपैकीच एक. कोणी ठेवला होता, कधीपासून वापरत होत्या, देव जाणे. मी कधी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांच्या देखत त्यांनी तो मग लेकीच्या हातात दिला. हातात. लांबून नाही.

"आधी बघून ये," त्या म्हणाल्या.

शोभाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि आत गेल्या. आम्ही सगळ्या बायका वाढप थांबवून उभ्या होतो. सांबारावर साय धरायला लागली होती आणि कोणाला हलवायचं सुचत नव्हतं. भाऊजी दारात आले, काय झालं ते त्यांना कळलं, आणि ते तिथेच चौकट धरून उभे राहिले. आत्याबाई रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून न्हाणीघराच्या दाराकडे बघत होत्या.

शोभाताई बाहेर आल्या. "नाही आई," त्या म्हणाल्या. "लघवी साफ आहे. पाळीचंच आहे."

आत्याबाईंनी डोळे पुसले.

"मग बसतीस कशाला?" त्या म्हणाल्या. "चल, पानं वाढ. पहिलं पान अक्काचं."